चौथीचं नाक

कूलर बंद कर, लहानूजी म्हणाले.
मे महिना, नागपूर, दुपारचे दोन.
मी कूलर बंद केला. मग पंखा.
मग खिडकीच्या फटीत बोळा कोंबला.
सोन्याचं पान हातात धरता येत नाही,
ते फक्त हवेचं ऐकतं,
आणि हवा त्या दिवशी सदरभर पेटलेली.

टेबल आलं होतं हुसैनीभाईंच्या दुकानातून,
सायकलरिक्षावर उताणं,
चारही खूर आभाळाकडे.
खूरच होते ते, बकरीचे, कोरलेले.
सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याशा बंगल्याचा लिलाव.
फ्रेंच, हुसैनीभाई म्हणाले,
आणि आवाज खाली आणला,
घरात कुणी आजारी असल्यासारखा.
लहानूजींनी खालून नख मारून पाहिलं.
"अक्रोड हाये," एवढंच बोलले.

बाकदार पाय, शिंपले, द्राक्षांचे घड,
वर धुरकट गुलाबी संगमरवर,
आणि चार कोपऱ्यांवर चार बाया
केसांत पानं खोवलेल्या,
कुणाकडेच न बघणाऱ्या.
चौथीला नाक नव्हतं.

मला होतं, पण शाळेत ते कुणी धरत नसे.
नकटी म्हणायचे.
सतराशे विघ्नं मला
सातवीतच पाठ होती.

"इकडे पाय," लहानूजी म्हणाले.
मी टेबलाच्या पायाकडे पाहिलं.
"अवो, तो पाय नाही. पाय! माह्याकडे."
मग मी त्यांच्याकडे पाहिलं,
आणि ते, पटाशी मांडीवर ठेवून,
एक डोळा मिटून,
माझ्या तोंडाकडे बघत बसले,
लाकडाकडे बघायचे तसे:
रेषा कुठे वळते, गाठ कुठे आहे.
काही मागायचं नसताना
इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

अक्रोड नागपुरात मिळेना.
कामठीच्या भंगारातून त्यांनी
बंदुकीचा मोडका दस्ता आणला,
त्यातून सुपारीएवढा तुकडा कापला.
दोन दिवस कोरला.
त्यावर खडू आणि सरसाचे हात, सात.
त्यावर लाल माती, लोण्यासारखी घोटलेली.
आणि आता, कूलर बंद.

ब्रश त्यांनी गालावर फिरवला,
गालाच्या तेलाने पान उचलतं.
"फुंकू नको. हा कर. आरशावर करते तशी."
मी वाकले आणि त्या नाकावर,
म्हणजे माझ्याच,
हाऽऽ केलं.
पान उडी मारून बसलं.
लहानूजींच्या हनुवटीवरचा घाम
त्यांनी खांद्यानं टिपला, हात न हलवता.
बराच वेळ आम्ही दोघं बोललो नाही.

हुसैनीभाई चष्मा वर करून म्हणाले,
"हे नाक जरा पसरट नाही झालं?"
लहानूजी अकीकाच्या दगडाने सोनं घासत होते.
"बाकीच्या तिघींचं चुकलं असंल."
"गिऱ्हाइकाला सांगतो मग,
ही बाजू भिंतीकडे ठेवा."
"सेंटर टेबल हाये, शेठ.
मधात रायते. त्याले भिंत नसते."

टेबल रायपूरला गेलं,
कोळशाच्या कुठल्या व्यापाऱ्याकडे.
लहानूजी त्यानंतर चार उन्हाळे होते.
माझं लग्न झालं, विघ्नं मोजायची राहिली.

कुणी तिथे किल्ल्या टाकत असेल,
चहाचा कप ठेवत असेल,
रोज सकाळी कुणी बाई फडक्याने पुसत असेल,
आधी टॉप, मग कोपरे.
पुसून पुसून सोनं जातं.
उंच असतं तिथलं आधी, लहानूजी सांगायचे,
आणि खालची लाल माती वर येते.

त्या तिघींची नाकं
आतापर्यंत लाल झाली असतील, सर्दी झाल्यासारखी.
माझं बसकं.
टिकलं असेल.